क्रमांक चारची अकरा पानं

४ सप्टेंबर

निवृत्त होऊन सात महिने झाले आणि आज पुन्हा कानाला टेप ऐकायचं यंत्र लावलं. एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. खुनी, दरोडेखोर, सख्ख्या भावाची जमीन लाटणारे, सगळ्यांचं बोलणं उतरवून घेतलं. आता या वयात काय उतरवायचं, तर व्हिडिओ गेम खेळणाऱ्या बाप्यांच्या आणि बायांच्या मागण्या!

एक कंपनी दोन वर्षांनी नवा कन्सोल आणणार आहे. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा. त्यात काय काय असावं हे खेळणाऱ्यांनाच विचारायचं काम एका सर्वेक्षण कार्यालयाने घेतलंय. ते सहा जणांना दर आठवड्याला एका खोलीत बसवतात, चहा-बिस्किटं देतात, बोलतं करतात. प्रत्येकापुढे वेगळा माइक. ते सगळं ऐकून मी टाइप करायचं आणि शेवटच्या पानावर ‘शब्दशः उतरवले आहे’ असं लिहून सही करायची. सहा जणांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. कोर्टात आरोपीला निदान नाव तरी असायचं.

पहिली बैठक, सव्वीस पानं. क्रमांक एकला सेकंदाला एकशेवीस चित्रं हवीत. साठ असली की त्याला म्हणे ‘लगेच जाणवतं’. या गरुडाने बैठकीत तीनदा विचारलं, माझा चहाचा कप कुठला. क्रमांक दोनला डबक्यात आकाश दिसायला हवं, आणि ढगसुद्धा हलते हवेत. क्रमांक तीन दातांची डॉक्टर आहे. तिला वाऱ्यावर एकेक सुटा हलणारा केस हवा. क्रमांक पाचला डबा लहान, थंड, मुका आणि स्वस्त हवा, पण ताकद मात्र आत्ताच्या दुप्पट. असं स्थळ मावसबहिणीसाठी आम्ही पंधरा वर्षं शोधत होतो. क्रमांक सहा जो बोलेल त्याला ‘पॉइंट आहे’ म्हणतो.

क्रमांक चार काहीच बोलला नाही. एकदा खोकला. मी तसं लिहिलं.

५ सप्टेंबर

घरातही एक नमुना आहेच. माझे बंधुराज. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणजे पंचावन्न. आम्ही दोघंच इथे राहतो. नकाशे काढायच्या कचेरीत होता. अक्षर असं की छापल्यासारखं. साहेब लोक मुलांच्या लग्नाच्या पत्रिका त्याच्याकडून लिहून घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी घरी आला आणि म्हणाला, "ताई, मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. कंटाळा आला." कंटाळा! मला एकतीस वर्षांत कंटाळा यायला वेळ मिळाला नाही.

तेव्हापासून संध्याकाळी पाच ते सात आतल्या खोलीत कन्सोल लावून बसतो. कानाला हेडफोन, हातात तो बटणांचा कंट्रोलर. खेळात आणखी चार जण असतात. कुठले कोण, यालाही माहीत नाही. हल्ली पोशाखही तसाच. आयुष्यभर कडक इस्त्रीचा शर्ट घातला, आता टी-शर्ट. म्हातारपणी चळ.

१२ सप्टेंबर

दुसरी बैठक. बैठक चालवणारा जो आहे त्याचं नाव मी गोडबोल्या ठेवलंय. प्रश्न कसा विचारतो पाहा: "म्हणजे तुम्हाला अजून चांगले ग्राफिक्स हवेत, बरोबर ना?" उत्तर प्रश्नातच घालून दिलेलं. कोर्टात वकिलाने असं विचारलं असतं तर समोरचा वकील हरकत घ्यायला टुणकन उठला असता. इथे सहा जण माना डोलावतात. मानांचा आवाज येत नाही, पण ‘हो हो’चा येतो.

आज सावल्यांवर चाळीस मिनिटं. सावलीची कड धारदार हवी की मऊ. शेवटी दाताची डॉक्टर म्हणाली, "प्रकाश खरा वाटला पाहिजे." बाई, खिडकी उघडा.

क्रमांक चार पहिल्यांदा बोलला. आवाज वयस्कर, सावकाश. "नव्या डब्यात बटणं आपल्या सोयीने बदलता येतील का?"

गोडबोल्या म्हणाला, "छान मुद्दा. त्यावर आपण नंतर येऊ."

आले नाहीत.

१४ सप्टेंबर

बंधुराजांनी आणखी एक कप फोडला. या महिन्यातला तिसरा. आता स्टीलच्या पेल्यात चहा पितो, दोन्ही हातांनी धरून, लहान बाळासारखा. लक्ष त्या खेळात, दुसरं काय.

१९ सप्टेंबर

तिसरी बैठक. गेम सुरू व्हायला आत्ता बावीस सेकंद लागतात, ती क्रमांक एकला सहन होत नाहीत. "माझं आयुष्य वाया जातं," म्हणाला. हे वाक्य शब्दशः आहे. मी माझ्या मनाने असं वाक्य रचू शकले नसते.

चारने पुन्हा तोच प्रश्न विचारला. पुन्हा ‘नंतर येऊ’. मध्ये कुणीतरी त्याला विचारलं, काका तुम्ही काय करता? म्हणाला, शिंपी होतो. शिंपी! शिंप्याने या पंक्तीत बसावं? मला वाटलं होतं, सगळे बापाच्या जिवावर उड्या मारणारे असतील.

२१ सप्टेंबर

आज बाहेरच्या खोलीत टाइप करत होते. आतून बंधुराजांचा आवाज. "सॉरी, सॉरी. माझ्यामुळे गेलं. तुम्ही पुढे व्हा, मी येतो मागून." थोड्या वेळाने पुन्हा तेच. पंचावन्न वर्षांचा घोडा न पाहिलेल्या माणसांची माफी मागत बसलाय. कचेरीत साहेबाची कधी मागितली नाही.

दुपारी बँकेचा कागद सहीसाठी पुढे केला तर म्हणाला, उद्या करतो. नुसती सही! आळसाला औषध नाही.

२६ सप्टेंबर

चौथ्या बैठकीत भांडण. क्रमांक दोन म्हणाला, कन्सोल हा गरिबांचा प्रकार, खरा खेळणारा स्वतःचा संगणक जुळवतो आणि त्यात दर दोन वर्षांनी नवं ग्राफिक्स कार्ड बसवतो. क्रमांक एक म्हणाला, तुझं कार्ड खोली तापवतं, त्यावर पापड भाजता येतील. मग दोघं दहा मिनिटं आकडे फेकत होते. मी एकेक आकडा लिहिला. नाकापेक्षा मोती जड, आणि मोत्यावरून हाणामारी.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहून काय मिळवायचं. हल्ली फाइल उघडली की मी आधी चारचा माइक ऐकून घेते. तो कमी बोलतो म्हणून. काम लवकर उरकतं.

३ ऑक्टोबर

पाचवी बैठक. आज क्रमांक दोन आणि सहा आलेच नव्हते. बाकीचे लवकर दमले, आणि गोडबोल्याकडे अर्धा तास शिल्लक राहिला. तेव्हा नाइलाजाने म्हणाला, "काका, तुमचं ते बटणांचं काय होतं?"

चार बोलला ते एकूण अकरा पानं भरलं. मधली काही वाक्यं इथे उतरवून ठेवते. नियमात बसत नाही, पण वही माझी आहे.

"मला चित्र आहे तेवढं पुरे. खरं सांगू, याहून जुनं असतं तरी चाललं असतं. पण खेळात एक बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसरं दाबायचं, असं असतं ना, ते मला जमेना. बोटांत जोर राहिला नाही. दाबून धरण्याऐवजी एकदा दाबलं की चालू आणि पुन्हा दाबलं की बंद, एवढं तरी करा. नाहीतर माझ्या मशिनला होती तशी पायपट्टी द्या. पाय चांगले आहेत माझे."

पायाने गेम खेळणार म्हणे! मी माझ्या ऐकायच्या यंत्राची पायपट्टी दाबून टेप थांबवली आणि हसून घेतलं. मग पुन्हा सोडली.

गोडबोल्याने विचारलं, मग काका, खेळता कशासाठी?

"दुकान बंद केल्यावर गिऱ्हाइकं सुटली. संध्याकाळी तिथे पाच जणं भेटतात. एकाचंही तोंड मी बघितलेलं नाही. पण कुणाची मुलगी परीक्षेला बसली, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं माहीत असतं. मी नीट खेळलो नाही तर ते हरतात. बोलत नाहीत काही. सांभाळून घेतात. ते सांभाळून घेणं फार लागतं हो मनाला. एक दिवस मीच जायचा बंद होईन. ते काही दिवस वाट बघतील."

आणि मग हे: "घरी बरेच दिवस सांगितलं नव्हतं. सुरुवात बारीक असते. शर्टाची बटणं लागेनात. मी, ज्याने जन्मभर लोकांच्या शर्टांना काजं केली! म्हणून टी-शर्ट घालायला लागलो. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला तरुण व्हायची हौस आली. म्हटलं, वाटू दे. हौस बरी वाटते ऐकायला."

ध्वनिमुद्रण स्वच्छ होतं. तरी हे शेवटचं मी चारदा ऐकलं. व्याकरण ठीकच आहे.

४ ऑक्टोबर

बाजारात गेले होते. बंधुराजांसाठी चार टी-शर्ट आणले. आहेत ते विटलेत. म्हणाला, "हे काय ताई, तू तर हसतेस ना टी-शर्टला?" म्हटलं, दुकानात शर्ट नव्हते.

९ ऑक्टोबर

गोडबोल्याने कार्यालयात बोलावलं. तिसरा मजला, सगळीकडे काचा, आणि प्रत्येक काचेवर बोटांचे डाग. अहवाल दुसऱ्या दिवशी कंपनीकडे जायचा होता. पाचही बैठकांचे गठ्ठे टेबलावर. म्हणाला, मॅडम, बाकी चार तुम्ही सह्या करून दिलेत, पाचवीवर तेवढी नवी सही हवी.

मी पानं मोजली. मोजायची सवय आहे. सहानंतर एकदम अठरा.

"मधली अकरा कुठे गेली?"

"ती आम्ही एडिट केली."

"मग खालचं ‘शब्दशः’ही एडिट करा."

"अहो, ते कंपनीला लागतं."

"मग पानंही लागतात."

तो हसला. या माणसाला अडचण आली की हसू येतं. "मॅडम, सहा जणांतला एक म्हातारा. कंपनीने विचारलंय ग्राफिक्सबद्दल, हा बोलतोय बटणांबद्दल. विषयांतर आहे ते."

"विषयांतर तर सगळेच करतात. एका खुन्याने अर्धा तास त्याच्या म्हशीबद्दल सांगितलं होतं. मी म्हैससुद्धा लिहिली. काय गाळायचं हे लघुलेखक ठरवत नाही. आणि गाळलं तर ‘गाळलं’ असं लिहायचं असतं."

"हे कोर्ट नाही, मॅडम."

"ते दिसतंच आहे."

मग त्याने हसू आवरलं. "तुम्हाला एवढं काय पडलंय? तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणाला होतात, सगळे रिकामटेकडे आहेत म्हणून."

"आजही म्हणते. रिकामटेकड्याचं बोलणंही पूर्णच लिहायचं असतं."

पेन त्याच्या टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिले. मला कुठेही जायचं नव्हतं. त्याला होतं. पाऊण तासाने त्याने अकरा पानं कपाटातून काढली. म्हणाला, परिशिष्ट म्हणून मागे लावतो, चालेल? मागे कोण बघतं हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण पानं शाबूत होती, क्रमांक सलग होते. सही केली.

दारापर्यंत सोडायला आला. "पुढच्या प्रकल्पाला आम्ही बहुतेक मशीनकडूनच उतरवून घेऊ. म्हणजे तुम्हाला त्रास नको."

म्हटलं, "घ्या. मशीन भांडत नाही."

१० ऑक्टोबर

काम गेलं. बरंच झालं. त्या मूर्खांचं बोलणं ऐकून कान किटले होते.

तत्त्वासाठी केलं असं म्हणायला छान वाटतं. पण इतक्या वर्षांत न्यायाधीशांनी कितीतरी बोलणी गाळायला लावली आणि मी ‘हो साहेब’ म्हणून गाळली. तेव्हा नियमाप्रमाणे गाळली, हे खरं. पण एकदाही खुर्चीत पाऊण तास बसून राहिले नव्हते.

११ ऑक्टोबर

दुपारी बंधुराज दाराशी उभा होता. बाहेरून येऊन कुलूप उघडत होता. मी आतून आवाज ऐकत होते. किल्ली भोकात जात होती, निघत होती, पडत होती. एरवी मी ओरडले असते. आज उठून दार उघडलं. तो किल्ली दोन्ही तळहातांत धरून उभा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"हात."

तो आत येऊन बसला. बराच वेळ पायातले बूट काढत होता. त्यांना नाड्या नाहीत, हेही मी आज पाहिलं.

"दोन वर्षं. त्याहून थोडं जास्तच," म्हणाला. "आधी रेघ हलायला लागली. नकाशात रेघ हलली की नदी दुसऱ्याच्या शेतात जाते. साहेब चांगला होता, म्हणाला, बोभाटा व्हायच्या आत निवृत्ती घे."

"आणि मला कंटाळा म्हणून सांगितलंस."

"तुला कंटाळा पटला असता. आजार पटवायला कागद लागले असते."

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"एकदा. पुढच्या तपासण्यांना नाही गेलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस, ताई."

मी नसते हसले. बहुधा नसते. मागची पानं आत्ता चाळली. कप, पेला, सही, चळ. सगळं माझ्याच हाताने, तारीखवार लिहिलेलं. एकतीस वर्षं साक्षी लिहिणाऱ्या बाईसमोर साक्षीदार रोज येऊन उभा राहत होता आणि ती त्याच्या टी-शर्टला नावं ठेवत होती. फाडून टाकावंसं वाटलं. फाडत नाही. गाळायचं नाही म्हणून परवाच भांडून आले.

१८ ऑक्टोबर

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मी ते उतरवून घेतलं. बरा होणारा नाही. पण चाल सावकाश आहे, व्यायाम केला तर आणखी सावकाश. जेवायला जाड मुठीचा चमचा, बोटांना रबराचा चेंडू, असं बरंच सांगितलं. डॉक्टर भराभर बोलतात, वाक्य अर्धं सोडतात. मी तीनदा थांबवलं. चौथ्यांदा ते स्वतःच थांबले.

बाहेर आल्यावर बंधुराज म्हणाला, "त्या नव्या डब्यात बटणं बदलता येतील असं लोक म्हणतात. दोन वर्षांनी येणार आहे."

"येईल," मी म्हटलं. कंपनीला काय वाटतं ते मला माहीत आहे. तिला वाऱ्यावरचे केस मोजायचेत. पण परिशिष्टात अकरा पानं आहेत. एखादा कारकून मागून वाचायला सुरुवात करणारा निघाला तर? असतात अशी माणसं. मी आहे.

३० ऑक्टोबर

गेले दहा दिवस तो कन्सोल लावत नव्हता. पाच वाजले की चेंडू दाबत खिडकीशी बसायचा. आज मीच म्हटलं, "काय रे, तुझी ती माणसं वाट बघत नसतील का?"

"बघत असतील."

"मग?"

"मी गेलो की हरतात."

मला राग आला. राग आला की मला कामं सुचतात. म्हटलं, एकट्याला जमत नाही तर दोघांनी करू. दोन हातांचं काम आहे, चार हात आहेत घरात. तो हसायला लागला. मग हसता हसता थांबला आणि त्या डब्याच्या सेटिंगमध्ये काहीतरी शोधायला लागला. अंगठ्याच्या बाजूने, सावकाश. निघालं ते. दोन कंट्रोलर एकाच खेळाडूचे धरायचे, अशी सोय त्या आत्ताच्या डब्यातच आहे. कुणी वापरत नसावं.

ठरलं असं की चालायचं त्याने, तळहाताने कंट्रोलरवरचा दांडा ढकलत. उडी मारायची आणि दाबून धरायचं ते सगळं मी.

भिकार खेळ. एक डोंगर, पलीकडे किल्ला, मध्ये दोरांचा पूल. पूल बांधणाऱ्याला कोर्टात खेचला पाहिजे; तीन फळ्यांआड एक फळी नाही. पलीकडे ते चार जण उभे. बंधुराज म्हणतो ‘उडी’, मी उडी मारेपर्यंत आम्ही दरीत. नऊ वेळा दरीत. मी म्हटलं, तू उशिरा सांगतोस. तो म्हणाला, तू उशिरा ऐकतेस. कोर्टात एवढ्या मोठ्याने कुणी कुणाशी बोललं असतं तर बाहेर काढलं असतं.

त्याने हेडफोन काढून आवाज टीव्हीवर घेतला होता. एक बाई विचारत होती, "आज तुमच्याबरोबर कोण आहे?"

"माझी ताई आहे," हा म्हणाला. "माझे हात गेलेत जरा. उड्या तिच्याकडे आहेत."

पलीकडून एक पुरुष म्हणाला, "ताई, आधी तीन मोजा. मी आकडे म्हणतो." त्याने म्हटले. आम्ही दहाव्यांदा पडलो. अकराव्यांदा पलीकडे.

ते चौघं ओरडले. हासुद्धा ओरडला. माझा अंगठा दुखत होता आणि पाठ भरून आली होती. निम्म्या गोष्टी कशाला करायच्या हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किल्ल्यात काय आहे तेही नाही.

ती बाई म्हणाली, "उद्या याल ना, ताई?"

म्हटलं, मला दुसरी कामं असतात. बंधुराज टीव्हीकडे बघत राहिला.

मग मी त्यांना सांगितलं: पाच म्हणजे पाच. सव्वापाचला आलात तर आम्ही निघून गेलेलो असू.